पाच वाजताच्या भुकेचं काय करायचं? घरातली खाऊची पाकिटं कमी करतोय, तुमचे अनुभव सांगा

अक्कलकोट_रोड · ३ फेब्रुवारी

राम राम मंडळी.

डिसेंबरातली गोष्ट. सकाळी घंटागाडी आली म्हणून सुक्या कचऱ्याची पिशवी घेऊन खाली गेलो. गाडीवरच्या मावशी पिशवी ओतून बाटल्या, पुठ्ठा, डबे वेगळ्या पोत्यात टाकत होत्या. तळाशी उरली खाऊची रिकामी पाकिटं. ती त्यांनी हातानं गोळा केली आणि टाकाऊ ढिगात सारली. म्हणाल्या, "दादा, ही चमकी कुणी घेत नाही. भंगारवाला पण हात लावत नाही."

मी इतकी वर्षं ओला-सुका वेगळा करून देतोय आणि मनात समाधान की आपला सुका कचरा कुठंतरी कामी येतोय. ते वाक्य डोक्यातून गेलंच नाही. त्या दिवसापासून पंधरा दिवस घरातलं एकही रिकामं पाकीट फेकलं नाही. ज्वारीच्या रिकाम्या पोत्यात साठवलं. मुलांना सांगितलं, पाकीट फोडलं की त्यावर पेनानं वेळ लिहायची.

चार माणसांचं घर. आम्ही दोघं, मुलगी पाचवीत, मुलगा आठवीत. पंधरा दिवसांत ७४ भरली. त्यांत ३० दुधाच्या पिशव्या, त्यांचं वेगळं बघू. उरलेली ४४ खाऊची आणि बिस्किटांची. त्या ४४ पैकी २९ वर वेळ होती संध्याकाळी पाच ते सात. ९ शाळेच्या छोट्या सुट्टीतली. बाकीची प्रवासातली, पाहुण्यांची.

म्हणजे आमच्या घरचा प्रश्न चवीचा नव्हताच, पाच वाजताच्या भुकेचा होता. मुलं पाचला घरी येतात. माझी टॉवेलच्या कारखान्यातली हिशेबाची नोकरी, घरी यायला साडेसहा होतात. बायकोची दवाखान्यात पाळीची ड्यूटी. घरात भाकरी-भाजी असते, पण काढून द्यायला माणूस नसतं. कोपऱ्यावरचं दुकान मात्र उघडं असतं आणि तिथं दहा रुपयांत हातात तयार मिळतं.

मग जानेवारीत सुरुवात केली. पहिल्या रविवारी हौसेनं चिवडा, चकली, शंकरपाळी, लाडू असं चार प्रकारचं काढलं. संध्याकाळपर्यंत कंबर गेली, ओटा तेलकट, आणि चिवडा तिसऱ्या दिवशी मऊ. गरम असतानाच डब्यात भरून झाकण लावलं होतं. वाफ आत कोंडली, दुसरं काय होणार. पुढच्या आठवड्यात पुन्हा दुकानाची वाट.

आता नियम बदलला. एका रविवारी एकच पदार्थ, पाऊण तासाच्या आत होणारा. मुलांचा हात पोचेल अशा फळीवर स्टीलचे तीन डबे. एकात पातळ पोह्यांचा चिवडा किंवा भडंग, एकात शेंगा-गुळाचे लाडू, एकात फुटाणे नाहीतर ज्वारीच्या लाह्या. तीनही डबे एकदम कधीच संपत नाहीत, म्हणून एका वेळी एकच भरावा लागतो. एवढं साधं गणित कळायला मला महिना लागला.

चिवड्याचं माझं प्रमाण: पातळ पोहे अर्धा किलो, शेंगदाणे दीडशे ग्रॅम, डाळवं शंभर ग्रॅम, तेल फार तर अर्धी वाटी. पोहे आधी गच्चीवर पंचावर पसरून तासभर उन्हात. आपल्या सोलापुरात उन्हाला तोटा नाही, पोहे हाताला कुरकुरीत लागेपर्यंत वाळतात आणि मग कढईत फार परतावे लागत नाहीत. कढीपत्ता चुरचुर आवाज थांबेपर्यंत तळायचा. पान जरा जरी ओलं राहिलं तर सगळा डबा नरम पडतो. पूर्ण गार झाल्यावरच भरायचा. मी रात्री जेवणं झाल्यावर भरतो.

लाडवाला पाक नको. भाजून साल काढलेले दाणे दोन वाट्या, चिरलेला गूळ एक वाटी, मिक्सरला थांबत थांबत फिरवायचं. दाण्याला तेल सुटलं की मूठ वळते. आठवीतला मुलगा एकटा करतो आता.

तुम्ही काय करता? विशेषतः शाळेच्या छोट्या सुट्टीसाठी आणि उन्हाळ्यातल्या डब्यासाठी सुचवा.

---

मालदांडी · ३ फेब्रुवारी

कडक भाकरी विसरलाव की ओ दादा! ज्वारीची भाकरी पातळ थापायची, तव्यावर भाजून मग मंद आचेवर पार कडक होईस्तोवर शेकायची. ओल राहिली नाही तर आठ-पंधरा दिवस काय होत नाही. पोरांनी पाच वाजता तुकडा मोडायचा, वर शेंगा चटणी आणि दह्याचा गोळा. आमच्या लहानपणी हाच खाऊ. आई दुरडीत उभ्या रचून ठेवायची.

चटणी मात्र उखळात नाहीतर खलबत्त्यात कुटा. मिक्सर सलग फिरवला तर गोळा होतो. दाणे, लसूण, जिरं, तिखट, मीठ, बास. पाण्याचा थेंब नको, चमचा कोरडा पाहिजे.

---

जुळे_सोलापूर_आई · ४ फेब्रुवारी

फार मनापासून लिहिलंय, धन्यवाद. एक शंका. आपल्या राज्यात २०१८ ला प्लास्टिकबंदी झाली, मग १ जुलै २०२२ पासून देशभर एकदा वापरायच्या वस्तूंवर बंदी आली. बाजारात पिशवी मागितली तर भाजीवाली दंडाची भीती सांगते. मग ही पाकिटं राजरोस कशी?

---

पॉलिमरवाला · ४ फेब्रुवारी

ताई, मी प्लास्टिकच्याच धंद्यात वीस वर्षं आहे, सांगतो.

२०२२ च्या बंदीत ताटं, पेले, चमचे, स्ट्रॉ, कान कोरायच्या काड्या, फुग्याच्या काड्या, मिठाईच्या खोक्यावर गुंडाळायचा पातळ प्लास्टिकचा कागद अशा वस्तू आहेत. कारखान्यातून माल भरून, सील होऊन येणारी पाकिटं त्या यादीत नाहीत. त्यांच्यासाठी वेगळा मार्ग आहे: जेवढं पाकीट बाजारात आणलं त्या प्रमाणात कचरा गोळा करून त्याची विल्हेवाट लावायची जबाबदारी उत्पादक आणि ब्रँडच्या मालकावर टाकलेली आहे. नियम २०१६ चे, पुढे त्यांत सुधारणा झाल्या. पण गल्लीतल्या गटारात पडलेलं पाच रुपयांचं पाकीट उचलायला कुणी येत नाही, हे आपण रोज बघतो.

मावशी 'चमकी' म्हणाल्या तो शब्द अगदी बरोबर आहे. आतली चकाकी म्हणजे प्लास्टिकच्या फिल्मवर बसवलेला ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ थर. त्याच्यावर छपाईची फिल्म, मध्ये चिकटद्रव्य, आत सील होणारा थर. उजेड, हवा, दमटपणा आत जाऊ नये म्हणून हे सगळं. वर नायट्रोजन भरतात, म्हणजे तेल खवट होत नाही आणि वेफर चुरत नाही. खाऊ महिनोन्महिने टिकतो तो या थरांमुळेच, आणि याच थरांमुळे पाकीट पुन्हा वितळवून काही करता येत नाही. थर सुटे करायचा खर्च मालापेक्षा जास्त. वजन तर इतकं कमी की कचरावेचकानं दिवसभर वेचलं तरी हातात काही पडत नाही. फार तर सिमेंटच्या भट्टीत जळण म्हणून जातं, तेही कुणी गोळा केलं तर.

याउलट पाण्याची बाटली, तेलाचा कॅन, दुधाची पिशवी याला भंगारात भाव आहे. दुधाची पिशवी एकाच जातीच्या प्लास्टिकची असते. फक्त कोपरा कापताना तुकडा वेगळा पाडू नका, तो मोरीतून थेट गटारात जातो. चीर पाडा, विसळा, उलटी वाळवा.

आणि हात जोडून सांगतो, अंघोळीच्या बंबात ही पाकिटं जाळू नका. आपल्याकडं अजून सर्रास टाकतात. तो धूर घरातल्याच माणसांच्या छातीत जातो.

---

पूर्व_भाग · ५ फेब्रुवारी

सगळं वाचलं. चांगलं आहे. पण एक बाजू मांडते, राग मानू नका.

माझी आई विडीकामगार. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबावर. पानं भिजवायची, कात्रीनं कापायची, तंबाखू भरून वळायची, दोरा बांधायचा, मग कारखान्यात जाऊन दाखवायची, खराब निघाल्या तर त्यांची मजुरी कापून घेतात. मान वर करायला वेळ नसायचा. आम्ही दोघी बहिणी चार वाजल्यापासून भूक भूक करायचो. ती कनवटीचे दोन रुपये काढून द्यायची. ते पाकीट म्हणजे तिचा आळस नव्हता, तिचं विड्यांचं काम मोडू नये म्हणून होतं. घरी करा, घरी करा असं म्हणताना ते बाईच्याच पदरात पडतं. इथं दादा स्वतः करतायत, ते बघून बरं वाटलं, म्हणून लिहायचं धाडस केलं.

आमच्या तेलुगू घरांत संक्रांतीला सकिनालु करतात. तांदळाच्या पिठात तीळ आणि ओवा घालून हातानं कापडावर वेटोळी फिरवायची, मग तळायची. पण एकटी कुणी करत नाही. वाड्यातल्या पाच-सहा बायका एका घरी बसतात, एक पीठ मळते, चार जणी फिरवतात, एक तळते. प्रत्येकीच्या घरी डबा भरून जातो, महिनाभर पुरतो. एकटीनं केलं असतं तर ते सण राहिलं नसतं. मला वाटतं खाऊचंही असंच करावं लागेल.

---

अक्कलकोट_रोड · ५ फेब्रुवारी

ताई, राग कसला. तुमचं लिहिणं बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बरोबर आहे, जानेवारीच्या आधी हे तू केलंस का?" नव्हतं केलं. तिच्या ड्यूटीच्या आठवड्यात पाकिटं जास्त येतात हे आधी मला दिसलं आणि त्याचा अर्थ मी चुकीचा लावला होता.

वाड्यात मिळून करायची कल्पना फार आवडली. आमच्या अपार्टमेंटमध्ये विचारतो.

---

विजापूर_रोड · ६ फेब्रुवारी

पाण्याचं काय? आमच्याकडं नळाला चार-पाच दिवसांआड पाणी. कडीचा डबा म्हणजे तीन पुडं, झाकण, चमचा. तीन माणसांचे डबे धुवायचे तर रोज अर्धी बादली जाते. मी मार्चनंतर सरळ फॉइल वापरते, मनाला पटत नाही तरी.

---

कडीचा_डबा · ६ फेब्रुवारी

विजापूर रोडच्या ताई, मी गेली अकरा वर्षं डबे पुरवते, सात रस्त्याच्या आसपास. रोज साठ डबे धुते. पाण्याची युक्ती सांगते.

डबा आला की आधी कोरड्या कागदानं किंवा भाकरीच्या तुकड्यानं पुसून काढायचा. तेल-मसाला निम्मा तिथंच जातो. मग ओल्या फडक्यावर थोडी पावडर घेऊन सगळी पुडं घासून एकावर एक ठेवायची, नळ बंद. शेवटी दोन पातेली: पहिल्यात बुडवून काढायचं, दुसऱ्यात विसळायचं. दुसऱ्याचं पाणी दुसऱ्या दिवशी पहिल्याला. तीन डब्यांना चार-पाच लिटरच्या वर लागू नये. साबणाचं नसलेलं पाणी कढीपत्त्याला. कोरड्या खाऊचा डबा तर रोज धुवायचाच नसतो. संपल्यावर पुसून उन्हात पालथा ठेवला की झालं.

फॉइलबद्दल: चिंच, टोमॅटो, दही, लिंबू असलेलं गरम जेवण ॲल्युमिनियममध्ये गुंडाळू नका, आंबट पदार्थ धातू खातो. आणि भजी-वडे वर्तमानपत्रात नकोत. शाईत घातक रसायनं असतात, खाद्यपदार्थाला छापील वर्तमानपत्र वापरायला अन्नसुरक्षेच्या नियमांनी मनाई आहे. भाकरी-धपाटे गुंडाळायला आपल्याकडं गावभर मिळणारं सुती टॉवेलचं कापड आहे. कारखान्यातल्या काठाचे तुकडे किलोवर मिळतात. भाकरीचा घाम कापड पिऊन घेतं, म्हणून ती चिवट होत नाही.

मी सुरुवातीला डिस्पोजेबल डब्यांत द्यायचे. कडीच्या डब्यावर आले तेव्हा पहिल्या महिन्यात नऊ डबे परतच आले नाहीत. तेव्हापासून महिन्याच्या पैशात डब्याची अनामत घेते आणि दोन संच फिरवते: आज भरलेला द्यायचा, कालचा रिकामा आणायचा. आता वर्षात एखादा हरवतो.

उन्हाळ्याचा डबा कसा हवा ते विचारलं होतं. एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या वर असतो, दुपारी एकपर्यंत डब्यात काय टिकतं ते बघूनच भरते. ओलं खोबरं नाही, बटाट्याची रसभाजी नाही, उसळ नाही. शेंगाची पोळी, धपाटे, दशमी (दुधात मळलेली, पाण्यात नाही), पिठलं कोरडं, मेथीची सुकी भाजी, शेंगा चटणी. दहीभात द्यायचाच असेल तर भातात दूध घालून वर चमचाभर विरजण लावते, जेवायच्या वेळेपर्यंत दही लागतं, आंबत नाही. आणि पहाटे केलेलं सगळं परातीत पसरून गार करूनच डब्यात. गरम भरून झाकलं की दुपारी वास येणारच.

---

नवी_पेठ_फरसाण · ८ फेब्रुवारी

मी दुकानदार. सगळ्यांना घरी करायला जमणार नाही हे खरं. मग निदान डबा घेऊन आमच्यासारख्याकडं या. रिकामा डबा आधी काट्यावर ठेवतो, तेवढं वजन शून्य करतो, मग माल घालतो. गिऱ्हाइकाला वाटतं डब्याचं वजन मालात धरतील, म्हणून लाजतात. काटा तुमच्यासमोर शून्य करून घ्या, हक्कानं. चुरमुरे, फुटाणे, डाळवं, लाह्या, पोहे, शेंगदाणे, गूळ, सगळं सुटं मिळतं. घरच्या खाऊला लागणाऱ्या जवळपास सगळ्या वस्तू सोलापुरात पाकिटाशिवाय आणता येतात, हे आपलं भाग्य आहे.

तेल मात्र सुटं मागू नका. सुटं खाद्यतेल विकायला कायद्यानं मनाई आहे, कारण भेसळ. १९९८ मध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांचं तेल मिसळलेलं निघालं आणि माणसं दगावली होती. त्यापेक्षा एक-एक लिटरच्या पिशव्या घेण्याऐवजी दोन घरांत मिळून पंधरा किलोचा डबा घ्या.

दाणे घेताना काळसर, सुरकुतलेले, बुरशीचे वेचून टाका, भाजून खपवू नका. त्या बुरशीचं विष भाजल्यानं जात नाही.

---

पुण्यातला_सोलापूरकर · ८ फेब्रुवारी

आई दर महिन्याला गाववाल्यांबरोबर शेंगा चटणी पाठवते. आधी काचेच्या बरणीतून, ती एकदा भिगवणजवळच फुटली. आता पितळी कडीचा डबा. रिकामा डबा मी परत पाठवताना त्यात काहीतरी घालून पाठवतो, तो तिच्याकडं रिकामा जाऊ नये म्हणून.

---

जुळे_सोलापूर_आई · १० फेब्रुवारी

माझी अडचण वेगळी. मुलगा चौथीत. छोट्या सुट्टीत सगळी मुलं पाकीट फोडतात, याच्या डब्यात धपाटे. तो डबा न उघडता परत आणायला लागला. मी ओरडले, तो रडला. काय करू?

---

अक्कलकोट_रोड · १० फेब्रुवारी

ताई, आमच्या मुलीचंही अगदी असंच. मी चूक केली होती ती तुम्ही करू नका: पाकीट पूर्ण बंद केलं होतं. ती मैत्रिणीचं मागून खायला लागली.

मग तिलाच विचारलं. ती म्हणाली, धपाटे आवडतात, पण छोटी सुट्टी दहा मिनिटांची, डबा उघडून हात धुऊन खाईपर्यंत घंटा होते. मैत्रिणी पाकीट घेऊन पळत मैदानात जातात. तिला पळता पळता खाता येईल असं हवं होतं! आता छोट्या सुट्टीला मुठीत मावणारी डबी: चार चौकोनी शेंगाचिक्की, किंवा फुटाणे-मनुका, किंवा लहान वाटीनं कापलेल्या तिखट-मिठाच्या पुऱ्या. पूर्ण जेवण मोठ्या सुट्टीत. आणि डबीत एकीपुरतं नाही, तिघींपुरतं घालतो. वाटता आलं की लाज वाटत नाही. शनिवारी तिच्या आवडीचं एक पाकीट आणतो, न बोलता.

---

जुळे_सोलापूर_आई · १७ फेब्रुवारी

तिखट-मिठाच्या पुऱ्या संपून आल्या. डबी रिकामी बघून मला रडू आलं. तिघांपुरतं देतेय. काल त्याचा मित्र घरी आला होता, "काकू, त्या पुऱ्या आहेत का?"

---

अक्कलकोट_रोड · १२ एप्रिल

पुन्हा पंधरा दिवस मोजली. खाऊ-बिस्किटांची १७. आधी ४४ होती. दुधाच्या पिशव्या ३० च, पण आता चीर पाडून, विसळून, दोरीवर वाळवून शंभर जमल्या की भंगारवाल्याला देतो. घंटागाडीच्या मावशींना सांगितलं तर त्या हसल्या, म्हणाल्या, "पोतं हलकं झालं खरं."

अपार्टमेंटमध्ये चार घरं जमलो. प्रत्येक घर महिन्यातून एका रविवारी एकच पदार्थ चार घरांपुरता करतं, चार डबे भरले जातात. म्हणजे महिन्यात एकदाच कढई तापते आणि घरात चार प्रकारचा खाऊ असतो. दोन घरांत पुरुषच करतात. मार्चमध्ये माझी पाळी चुकली, कारखान्यात वर्षअखेरीचे हिशेब होते, शेजारच्या आजींनी न सांगता लाह्यांचा चिवडा करून ठेवला होता.

उरलेल्या १७ पैकी ११ बिस्किटांची आहेत. चहाबरोबर बिस्किट ही सवय काही जात नाही, माझीच आहे ती. घरी ओव्हन नाही. काही उपाय?

---

मालदांडी · १२ एप्रिल

दादा, बेकरीच्या भट्टीवर जावा की! आम्ही दिवाळीच्या आधी अजून जातो. कणीक, तूप, पिठीसाखर, थोडा रवा घरून न्यायचा, भट्टीवाला मळून देतो, ट्रेमधी लावून भाजून देतो, मजुरी किलोवर घेतो. पत्र्याचा मोठा डबा संगं न्यायचा, त्यातच भरून आणायचं. नानकटाई गार झाल्याबिगर झाकण लावू नका. घरी तूप असलं तर एका डब्यात महिना निघतो.

आधी जाऊन विचारून या, भट्टी दुपारच्याला रिकामी असतीया.

---

पूर्व_भाग · १३ एप्रिल

आमच्या अशोक चौकाच्या बाजूला एक भट्टी अजून असं करून देते. मी आणि बहीण येत्या रविवारी तीन किलोचं नेणार आहोत, आईसाठीपण. दादा, चार घरांचं मिळून आणायचं असेल तर सोबत चला, भट्टी एकदाच तापेल. डबे तेवढे घरचे आणा.

---

अक्कलकोट_रोड · १३ एप्रिल

येतो ताई. दोन डबे आणि कणीक-तूप घेऊन. मुलगापण येतोय, त्याला मळताना बघायचंय.